मिठाची रेघ

बूबा गेल्याची बातमी मला रोह्याजवळच्या धाटावहून सुटलेल्या कंपनीच्या बसमध्ये कळली. पहिली शिफ्ट संपली होती, अंगाला केमिकलचा वास होता, आणि शेजारच्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "जनू, हा तुझा तो आफ्रिकावाला नाय रे?" बातमी चार ओळींची होती. पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहान देशाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक जमावाच्या हल्ल्यात ठार. खाली फोटो. दाढी पिकलेली, पण डाव्या भुवईवरची खूण तीच, पेणच्या मैदानात पडलेली. समोरच्या सीटच्या दांडीवर मी अशी बुक्की हाणली की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. बोटं अजून सुजलेली आहेत. बायको म्हणते, एक्स-रे काढा. काढीन कधीतरी.

त्याच्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. त्याची बायको मरियम आणि दोन मुली अजून तिथेच राहतात, आणि तिने तशी विनंती केली आहे. त्याचं पूर्ण नाव बूबाकार. रोह्याच्या मोहल्ल्यात ते ऐकल्याबरोबर हनीफचाचांनी जाहीर केलं होतं, "अरे हा तर आपला अबूबकर!" आणि तिथून पुढे तो रोह्याचा झाला. चाचा कुवेतला बरीच वर्षं काढून परत आलेले, फुटबॉलचं भयंकर वेड. मुंबईत कुठल्याशा एजंटने या पोराला क्लबात घेतो म्हणून बोलावलं आणि पासपोर्ट घेऊन पोबारा केला होता. पोरगा मशिदीच्या पायरीवर बसलेला चाचांना दिसला. पायात फुटबॉलचे बूट, पोटात काही नाही. चाचांनी त्याला घरी आणलं, पोटभर जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी मैदानात उतरवलं. त्या हंगामात रोह्याच्या संघाने नागोठण्यापासून अलिबागपर्यंत सगळ्यांना धुतलं. बूबा मधोमध उभा राहायचा आणि त्याच्या आजूबाजूला माणसं पडत जायची. हे मी कौतुकाने सांगतो आहे. मी स्वतः स्टॉपर होतो, माणसं पाडणं हेच माझंही काम होतं.

मी पेणचा. आमचं गाव खाडीकाठी, बाप मिठागरात राबणारा. रोह्याशी आमच्या टीमचं वैर कुठून सुरू झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते मिटायचंही नाव घेत नव्हतं. तर त्या वर्षी फायनल पेणला. मुरूम टाकलेलं मैदान, कापडी मंडप, माणूस नुसता उतू चाललेला. सकाळी रेघा आखायला गेलो तर चुन्याची फक्की संपलेली. माझा बाप म्हणाला, "मिठाच्या राशी पडल्यान तिकडं, आना दोन गोनी." आम्ही मिठाने सगळं मैदान आखलं. इतक्या पांढऱ्याशुभ्र रेघा जिल्ह्यात कुणी पाहिल्या नसतील! बाप मंडपाखाली मिशीवर ताव देत बसला. पण हाफटाइमला पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ उडते म्हणून कमिटीने टँकर बोलावला आणि मैदानावर पाणी मारलं. आधी मिठाने रेघा आखायच्या आणि मग त्यांच्यावर पाणी मारायचं... असली अक्कल फक्त आमच्याच गावात पिकते. पेनल्टी बॉक्सची रेघ जागच्या जागी विरघळून गेली, आणि धुळीचा बंदोबस्त झाला म्हणून सगळे खूश होते.

आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटची मिनिटं. बूबा चेंडू घेऊन सुटला तो थेट माझ्या अंगावर. मी त्याला आडवा केला. चेंडू गेला तरी चालेल, माणूस जाता कामा नये, असा तो पाय होता. आजही तोच घालीन. तो हवेत उडाला, तोंडावर आपटला, भुवई फुटली. रेफरीने शिट्टी मारली आणि दोन्ही बाजूंची माणसं मैदानात घुसली. रोहेकर म्हणाले आत पाडला, पेनल्टी. आम्ही म्हणालो बाहेर पाडला, फ्री किक. रेफरी म्हणजे नागोठण्याच्या शाळेतले एक मास्तर. बिचारे वाकून रेघ शोधत होते. रेघ असेल तर दिसेल ना! कुणीतरी त्यांची कॉलर धरली. कुणीतरी त्यांच्या हातातली शिट्टी हिसकावली. शेवटी मास्तर रडकुंडीला येऊन बूबाला म्हणाले, "बाबा, तूच सांग."

तो उठला. चेहऱ्यावर रक्त. जिथे पडला होता तिथली माती त्याने बोटावर घेतली आणि जिभेला लावली. गोलकडे एक पाऊल टाकलं, पुन्हा माती चाखली. आणखी एक पाऊल, पुन्हा चाखली आणि तोंड वाकडं केलं. तिथे खारट लागली होती. म्हणजे रेघ तिथे होती, आणि तो दोन पावलं अलीकडे पडला होता. कॉलर धरणाऱ्याने मास्तरांना सोडलं. त्याच्या भाषेत बोलला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण हनीफचाचांच्या घरी राहून त्याला आपली भाषा यायला लागली होती. तो स्वच्छ म्हणाला, "भायेर हाय."

त्या दोन शब्दांनी आम्ही कप जिंकला. फ्री किक भिंतीला लागली, सामना संपला, पाहुण्यांनी घाईघाईत कप माझ्या हातात कोंबला, मी कॅप्टन होतो. मी तो डोक्यावर धरला आणि स्टेजवरून मला मंडपामागचं दिसलं. रोह्याच्याच दहाबारा जणांनी बूबाला खाली पाडलं होतं. त्यांच्याच टीमचा शर्ट त्याच्या अंगात होता, तो फाडून काढला होता. "मीठ खाल्लंस आमचा, आनि जागलास कुनाला?" असं ओरडत ते त्याला लाथा घालत होते. हनीफचाचा मधे पडले तर त्यांना ढकलून दिलं, ते मुरुमात बसून लहान पोरासारखे रडत होते. एकाने मंडपाचा बांबू उपटला होता. तो रफिक, रोह्याचा लेफ्ट आउट, बूबाच्या पायाला पाय लावून खेळणारा गुणी पोरगा. त्याने बांबू वर उचलला, नेम थेट डोक्यावर. मी पळालो. माझ्या हातात कप होता, तोच मी रफिकच्या डोक्यात घातला. असा आवाज झाला की माझ्याच दाताला कळ गेली. रफिक खाली बसला, त्याच्या कानामागून रक्ताची धार लागली, आणि मग पेण आणि रोहा एकमेकांना असे भिडले की शेवटी टेम्पोच्या काचासुद्धा शिल्लक राहिल्या नाहीत.

लोक मला विचारायचे, तू कशाला मधे पडलास? रोह्याने रोह्याचा माणूस मारला असता, पेणचं काय गेलं असतं? मी मोठा साधुपुरुष नाही. मी एवढंच सांगायचो, त्याला पाडला मी होता. मी पाडलेल्या माणसाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. पण खरं सांगायचं तर त्याने जीभ मातीला लावली तेव्हाच मी त्याच्या बाजूला गेलो होतो. एवढ्या माणसांत खोटं बोलायची त्याला पूर्ण मोकळीक होती. ते बोलला असता तर त्याचाच फायदा होता, आणि कुणी त्याला खोटा ठरवूही शकलं नसतं.

मोटरसायकलवर माझ्या आणि एका मित्राच्या मधे बसवून आम्ही त्याला घरी आणलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या. आईने दारातूनच माझी आरती सुरू केली, "मेल्यांनो, मानूस खेलाया नेलाव का कापाया?" आणि त्याला तिने आत घेतलं ते बरगड्या जुळेपर्यंत. तो तिला 'आय' म्हणायचा. ती त्याला खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खायला घालायची आणि पाय पसरून समोर बसायची. कप चेपला होता, बूड वाकडं झालं होतं, कुठे ठेवला तरी कलायचा. क्लबवाले म्हणाले, असला नको, आम्ही नवा आणतो. आईने त्यात खडे मीठ भरून ठेवलं. बूबा हे पाहून इतका हसला की बरगड्या धरून ओरडायला लागला. मी त्याला एकदा विचारलं, "कशाला खरं बोललास रे?" तो म्हणाला, "जनू, जिभेला लागला ना. मग काय बोलू?" एवढंच.

मग तो कोलकात्याला खेळायला गेला, पासपोर्टचं निस्तरलं तसा तिथून घरी. पुढचं सगळं मी मोबाइलवर पाहिलं. देशाच्या संघात आला, कॅप्टन झाला, युरोपातल्या एका बारक्या क्लबात काही वर्षं हिवाळे सोसले, गुडघा गेला, परतला. आधी लहान पोरांचा प्रशिक्षक, नंतर राष्ट्रीय संघाचा. तो शांत माणूस होता असं कुणी लिहिलं तर हसा. ड्रेसिंग रूममध्ये तो बाटल्या भिरकावायचा. एकदा भर सामन्यात त्याने आपल्याच खेळाडूची मानगूट धरली होती, कारण त्या पोराने लागलं नसताना लोळण घेतली होती. "उठ!" असं ओरडतानाचा तो व्हिडिओ मी पन्नासदा तरी पाहिला असेन. एका पराभवानंतर त्याच्या घरावर दगड पडले, त्याची गाडी जाळली. त्याने जळलेल्या गाडीचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'पेण'. मी खूप हसलो होतो त्या दिवशी... आता हसू येत नाही.

फोन आला की तो न चुकता दोन गोष्टी करायचा. आईला कप दाखवायला सांगायचा, आणि मला विचारायचा, "रफिकचा डोका कसा हाय?" रफिक आता माझ्याच कंपनीत, माझ्याच शिफ्टला आहे. मी लग्न रोह्यात केलं, घर तिथेच जवळ वरशाला बांधलं, आईला इथे आणलं, त्यामुळे सगळे जुने वैरी आता शेजारी झालेत. एकदा डब्याच्या वेळी बूबाचा फोन आला, रफिक समोरच होता. मी मोबाइल त्याच्याकडे वळवला तर तो डबा टाकून उठला आणि संडासाकडे गेला. "बोलेन रे कधीतरी," म्हणायचा. "काय बोलू पण त्याला?" बूबाला राग कधीच नव्हता. तोंड उघडलं असतंस तर पुरे होतं, रफिक.

शेवटचा सामना मरियमने मला सांगितला. ती तिच्या भाषेत बोलून पाठवते, मोबाइल ते इंग्रजीत करून देतो, आणि माझी मुलगी मला मराठीत सांगते. घरचं मैदान, मोठ्या स्पर्धेत जाण्यासाठी बरोबरी पुरेशी होती. समोरच्या संघाचा हेडर वरच्या दांडीला लागला, खाली आला, गोलकीपरने तो बाहेर मारला. लाइनमनने झेंडा दाखवला, गोल. कॅमेरा गोलच्या बाजूला नव्हता; बूबा मात्र पोरांवर ओरडत बाजूच्या रेघेने थेट तिथवर गेला होता. सगळा देश म्हणत होता, चेंडू रेघेच्या आत गेलाच नाही. त्या एका गोलने ते हरले. नंतर टीव्हीवाल्याने बूबाच्या तोंडासमोर माइक धरला. देश पाहत होता. त्याने फक्त 'मला दिसलं नाही' म्हणायचं होतं. असं म्हणणारे प्रशिक्षक रोज दिसतात. तो म्हणाला, "मी सरळ रेषेत उभा होतो. चेंडू आत होता."

संघाची बस स्टेडियमच्या मागच्या रस्त्याने काढली तरी अडवली. काचा फुटल्या. जमावाला गोलकीपर हवा होता, आणि हा हवा होता. गोलकीपर सीटखाली शिरून रडत होता. बूबाने पोरांना खाली वाकायला सांगितलं, स्वतः उतरला आणि बसचं दार बाहेरून ओढून घेतलं. मरियम म्हणते, त्याने दोन्ही हात वर केले होते. पहिला दगड तोंडावर. मग कुणाच्या तरी हातात लोखंडी कांब होती. मारणाऱ्यांच्या अंगात त्याच्याच संघाचे शर्ट होते. पोलीस पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बसमधल्या एकाही पोराला ओरखडा नाही.

मला त्याचा राग येतो, हे मी स्पष्ट लिहितो. अरे, दोन मुली घरी होत्या. एकदा खोटं बोलला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं? असं मी आईपुढे ओरडलो. आईने कपात हात घातला, चिमूटभर मीठ कालवणात टाकलं आणि मला म्हणाली, "तो कप मग तुला कोनी दिला असता?"

गेल्या रविवारी रफिक घरी आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. केस पुरते गेलेत, त्यामुळे कानामागची खूण आता लांबूनही दिसते. चहा घेतला नाही. म्हणाला, "जनू, तो कप हाय का रे अजून?" मी त्याला आत नेलं. ओट्यावर कप नेहमीसारखा कललेला होता, त्याला भिंतीचा टेकू दिलेला. रफिकने तो उचलला, मीठ एका बाजूला घरंगळलं. चेपलेल्या जागेवर त्याने अंगठा ठेवला आणि दुसरा हात आपोआप कानामागे गेला.

"मी मारलाच असता त्याला," तो म्हणाला. "बांबू खाली येतच होता. तू हा घातलास म्हनून तो वाचला. नायतर तवाच गेला असता."

त्याने कप परत ठेवला, कलू नये म्हणून नीट भिंतीला लावला.

"तिकडं कुनाच्या हातात कप नव्हता रे," रफिक म्हणाला आणि ओट्याला धरून खाली बसला. आईने कपावर झाकण घातलं आणि त्याच्या समोर पाण्याचा तांब्या ठेवला.