पाटावरची वेबसाइट

आमच्या घराण्याची मूर्तिकला जगाच्या कानाकोपऱ्यात नेण्याचे ऐतिहासिक कार्य माझ्या हातून घडले. तो कानाकोपरा जोहे गावातल्या आमच्याच कारखान्याचा होता, रंगाच्या डब्यांशेजारचा.

मी पेणच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. त्यामुळे साम्राज्ये कशी कोसळतात हे मला पाठ आहे; उभी करण्याचा अनुभव नाही. गणपतीचा कारखाना माझा मोठा भाऊ चालवतो. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे मूर्ती जिथे बनतात त्या जागेला कारखानाच म्हणतात, मग ती पत्र्याची शेड का असेना.) त्या वर्षी दादाच्या कारखान्याचे काही खरे नव्हते. मोठी ऑर्डर हाती नसेल तर दिवाळीनंतर निम्मे कारागीर शेजारच्या कारखान्यात जाणार होते. त्यात आखणीवाला सदूही होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणे. सदू गेला की दादाचे सगळे गणपती आंधळे!

अशात रोह्याहून माझ्या मेहुण्याचा, सुभाषचा फोन आला. तो तिथे कंपनीत आहे.

"भावजी, परदेशात मूर्ती पाठवनारे एक शेठ हायत. दसऱ्याला आमच्या साहेबांकडं जेवायला येतायत. जेवन झालं की माझ्या घरी सुपारी खायला थांबतील. पन जोह्याला यायला त्यांना येळ नाय. वेबसाइट असंल तर दाखवा म्हनतात. आवडलं तर तिथंच ऑर्डर."

फोन स्पीकरवर होता. दादाने, वहिनीने आणि सदूने एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. "विजू," दादा म्हणाला, "तू शिकलेला हायस."

हे वाक्य ज्याला उद्देशून म्हटले जाते त्याचे आजवर कधी भले झालेले नाही. तरी मी मान डोलावली. कारण 'मला येत नाही' हे तीन शब्द आमच्या स्टाफरूममध्येही कोणी उच्चारत नाही.

पेणला जाऊन मी नवशिक्यांसाठीचे एक जाडजूड पुस्तक आणले. आपल्याच संगणकावर सर्व्हर बसवून घरबसल्या वेबसाइट कशी तयार करावी, याचे ते पुस्तक होते. पहिले प्रकरण 'सर्व्हर म्हणजे काय?' असे होते. मी बहुश्रुत माणूस असल्यामुळे ते ओलांडून थेट दुसऱ्या प्रकरणावर गेलो. घरचा संगणक रिक्षात घालून जोह्याला नेला, कारण दादाला सगळे डोळ्यांसमोर व्हायला हवे होते.

सर्व्हर सुरू केला. हिरवा दिवा लागला, लगेच लाल झाला आणि विझला. पुन्हा सुरू केला, पुन्हा विझला. पुस्तकात उत्तर होते: सर्व्हर ज्या पोर्टमधून ये-जा करतो, तो दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामने अडवला असेल.

"अडवला?" दादा उठून उभा राहिला. "कोनी अडवला? आपला वहिवाटीचा हाय का नाय?"

"दादा, ते यंत्राच्या आतलं दार आहे."

"आतलं असो नायतर बाह्यरलं. अडवतो म्हंजी काय? नाव सांग त्याचं!"

नाव शोधले. तो माझ्या बायकोचा, सुमनचा, बहिणींशी व्हिडिओवर बोलायचा प्रोग्राम निघाला. मी क्षणाचाही विलंब न लावता तो काढून टाकला. (इतिहासात अशा निर्णयांना धाडसी म्हणतात. ते घेणारे सहसा अविवाहित असतात.)

संध्याकाळी सुमन आली. "माझ्या बहिणी कुठे गेल्या?"

"काढल्या."

"काढल्या म्हणजे?"

"दार अडवून बसल्या होत्या."

त्यानंतर दसऱ्यापर्यंत मी आणि सुमन फक्त कामापुरते बोललो, आणि काम फारसे निघाले नाही. पण सर्व्हर चालू झाला! मग पान सापडेना. सर्व्हर म्हणे असे पान इथे नाहीच. मी फायली संगणकाच्या पडद्यावर समोरच ठेवल्या होत्या. मला दिसत होत्या, त्याला दिसत नव्हत्या. त्या सर्व्हरच्या स्वतःच्या फोल्डरातच हव्यात, हे पुस्तकाच्या तळटीपेत निघाले. हलवल्या. आणि पडद्यावर आमचा पहिला गणपती प्रकटला. वहिनीने पदर डोळ्याला लावला. सदू म्हणाला, "डोळं बरं आलंत." मी खुर्चीत जरा मागे रेललो.

सगळ्यात मोठा चमत्कार तर पुढे होता. कारखान्यात इंटरनेट नव्हते. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईलची एक काडी यायची, तीही दाराशी उभे राहिल्यावर. तरीही वेबसाइट झर्रकन उघडत होती!

"बघ दादा," मी म्हणालो, "नेट नाही, तरी उघडते. लोकांना नेट घेऊनसुद्धा हे जमत नाही."

"उगाच खर्च करतात लोक," दादा म्हणाला.

याच भरात दादाने फ्लेक्स छापला. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी (खाली 'संकेतस्थळ शिल्पकार'), मध्ये बाप्पा, आणि त्याखाली ठळक अक्षरांत माझ्या पडद्यावर दिसणारा पत्ता, जसाच्या तसा: लोकलहोस्ट, एक तिरकी रेघ, जोहेगणपती. फ्लेक्स हमरापूरच्या वाटेवर लागला. गावातल्या मंडळींनी माझे अभिनंदन केले. तो पत्ता उघडून पाहिला असे कोणीच म्हणाले नाही. नव्या ग्रंथालाही लोक असाच मान देतात, म्हणून मला यात काही वावगे वाटले नाही.

दसरा उजाडला. सकाळीच दादाने कारखान्यात पाट मांडले आणि वर्षभराची हत्यारे पूजेला लावली: ब्रश, कोरण्या, रंग फवारायची गन, साचे. मग तो संगणकाकडे वळला.

"याला पन घे रे पाटावर."

"दादा, याचं आज काम आहे."

"काम हाय म्हनूनच तर पूजा. आज सगळ्यात मोठं हत्यार तोच हाय."

युक्तिवाद बिनतोड होता. संगणक पाटावर चढला. त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पाने वाहिली. पडदा चालूच होता. त्यावर आमचा लंबोदर झळकत होता, त्यामुळे नमस्कार कोणाला चाललाय हे शेवटपर्यंत संदिग्ध राहिले. आणि आमच्या घरची रीत अशी की, पूजेत मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. आजोबांच्या काळापासून कोणी लावलेला नाही. मीही म्हटले, हात लावायचाय कशाला? सगळे तर चालू आहे.

दुपारी सुभाषचा फोन आला. आम्ही सगळे दाराशी, एका काडीखाली, स्पीकर लावून गोळा झालो.

"भावजी, शेठ आलेत. पत्ता निम्मा टाकला तोच वेबसाइट उघडली."

"आवडली?"

"आवडली म्हंजी… भावजी, बोंबील दिसतायत."

"कुठे?"

"तुमच्या वेबसाइटवर. सुके बोंबील. बाजूला सुकट हाय, खाली सोडे. वर लिवलंय, 'खात्रीचा माल, वास घेऊन पाहा.'"

"गणपती नाहीत?"

"एक पन नाय. शेठ बघतायत. नजर हालत नाय."

दादाने फोन हिसकावला. "दसऱ्याच्या दिवशी? बाप्पाच्या जागी म्हावरं? सुभाष, बंद कर ते! विजू, ही कोनाची करनी मला म्हाईत हाय!" शेजारच्या कारखानदाराने रात्री येऊन आमच्या सर्व्हरमध्ये बोंबील टाकले, असा त्याचा सिद्धांत होता. तो तडक भांडायला निघाला. सदूने त्याला कमरेला धरले.

"अगो सुमन," वहिनी म्हणाली, "ह्याला दीठ लागली गो. त्या फ्लेक्सवर दोघांचं फोटू नको होतं." तिने मीठमिरच्या आणून संगणकावरून ओवाळायला सुरुवात केली.

मी पडद्याकडे पाहिले. झेंडूच्या माळेआडून गणपती शांतपणे बघत होता. "सुभाष, इथे गणपतीच दिसतोय!"

"इथं बोंबीलच हाय."

एकच पत्ता, आणि पेण तालुक्यात देव तर रोह्यात मासळी! पान ताजे करून बघायला हवे होते. मी हात पुढे केला.

"हात लावू नको!" दादा आणि वहिनी एका सुरात ओरडली.

"दादा, ऑर्डर जाईल!"

"ऑर्डर गेली तर गेली. पूजेतला पाट हालता नये."

दादा आणि मी, दोघेही घामाघूम. इतक्यात सुमनने इतक्या दिवसांतले पहिले लांब वाक्य उच्चारले: "लाटणं काही पूजेत मांडलेलं नाही, त्याने दाबा."

धर्मशास्त्रात याला आक्षेप सापडेना. दादाच्या देखरेखीखाली मी लाटण्याच्या टोकाने एक बटण दाबायला गेलो आणि चार दाबली. पडदा अंधारला, उजळला, गणपती आडवा झाला, पुन्हा उभा राहिला. "सुभाष, आता तूही पान ताजं कर!"

"केलं. आता जवळा आला."

मग मी तेच केले जे आरंभी करायला हवे होते. दाराशी बसून पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडले. पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते की 'लोकलहोस्ट' हा पत्ता ज्या संगणकावर टाकावा, तो संगणक बाहेर कुठेही न जाता स्वतःच्याच पोटात बघतो.

"सुभाष," मी हळूच विचारले, "तुझ्यासमोरचा लॅपटॉप कोणाचा?"

"आमच्या पोरीचा. ती गेलीय मैत्रिणीकडं सोनं द्यायला. कॉलेजासाठी तिनं कायतरी दुकानाचं बनवलंय यात. का हो?"

म्हणजे त्या लॅपटॉपच्या पोटातही एक सर्व्हर होता; त्याने स्वतःच्याच पोटात पाहिले होते, आणि तिथे बोंबील होते. मी हे शक्य तितक्या सन्मानाने सर्वांना समजावून सांगितले. पोटाचा दृष्टांत दिला. थोडे हातवारे केले.

दादाने माळेआडच्या पडद्याकडे पाहिले. मग म्हणाला, "म्हंजी अख्ख्या जगात आपली ही वेबसाइट कुठं दिसते?"

मी बोट दाखवले. "या पाटावर."

सदूने टोपी काढून डोके खाजवले. दिवाळीनंतर कुठे जायचे याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट आखलेला होता.

"रिक्षा बोलव," मी शेवटचा प्रयत्न केला. "संगणक पाटासकट रोह्याला नेतो. पाट हलणार नाही असा धरतो."

"नागोठण्यापर्यंतच्या खड्ड्यांत?" सदू म्हणाला.

या सगळ्या गदारोळात सुमन दाराबाहेर जाऊन उभी होती. आत आली तेव्हा पदराला मोबाईल पुसत होती.

"पाठवले," ती म्हणाली.

"काय?"

"मूर्तींचे फोटो. सुभाषच्या मोबाईलवर. गणपतीत मीच काढले होते ना सगळे."

"अगं पण असं नुसतं मोबाईलवर?" मी म्हणालो. "त्याला काही मांडणी, काही संरचना—"

फोन वाजला. दादाने स्पीकर लावला. एक जाड, जेवून तृप्त झालेला आवाज आला. "मूर्ती पाहिल्या. डोळे फार सुंदर आहेत. आखणी कोण करतो?"

"सदू," दादा म्हणाला. त्याने सदूचा हात धरला. "हितलाच हाय. कुटं जात नाय तो."

"मग ऑर्डर तुमची. दिवाळीनंतर माणूस पाठवतो. आणि एक विचारायचं होतं." शेठ जरा घुटमळले. "मगाशी वेबसाइटवर जे पाहिलं ते मिळेल का? नवरात्राचे नऊ दिवस उपास धरले होते, आणि आज साहेबांकडे नुसतं श्रीखंड होतं."

दादाच्या मते ऑर्डर मिळाली ती पाट हलला नाही म्हणून. वहिनीच्या मते मीठमिरच्यांमुळे. सुमन कशामुळे हे बोलत नाही, नुसती माझ्याकडे बघते. सदू अजून जोह्यातच डोळे रंगवतो. सुभाषने त्याच संध्याकाळी रोह्याच्या बाजारातून शेठना माल आणून दिला.

मी दिलेल्या पत्त्यावरून आजवर एकच विक्री झाली आहे. सुके बोंबील, दोन पिशव्या.