ताईच्या ताटातली नळी

रविवारी ताई जेवायला आली होती. रश्श्यातली मटणाची नळी ती ताटावर ठकठक आपटत होती आणि मी, पन्नाशीचा बाप्या, आशाळभूतासारखा बघत होतो. लहानपणी बाबा नळी नेहमी तिलाच द्यायचे.

ताईचा सगळा जन्म हाडांच्या मगजात गेला, म्हणजे तिथे होणाऱ्या मायलोमा नावाच्या कॅन्सरच्या संशोधनात. त्याच कॅन्सरने बाबा गेले, तेव्हा ती नुकती प्रयोगशाळेत लागली होती. औषधं नंतर आली. आता बरे असलेले पेशंट तिला नातवंडांच्या बारशाचे पेढे आणून देतात. ते मी खातो. संशोधनात माझा हातभार एवढाच.

ताई 'बहुतेक' लावल्याशिवाय बोलत नाही. आमटीतसुद्धा मीठ बहुतेक कमी असतं.

"बाबांना या नव्या औषधांतलं एखादं लागू पडलं असतं का गं?"

"आधी भात वाढ." मग खाली बघत म्हणाली, "पडलं असतं."

तिने नळीतला मगज माझ्या भातावर काढून ठेवला. "घे, किती बघशील."

इतक्या वर्षांनी तो माझ्या वाट्याला आला, आणि मला वाटलं, बाबा समोर असते आणि नळी पुन्हा तिलाच मिळाली असती तर.