वेंडेल काकांचा लोखंडी दात

हंगेरीतल्या आमच्या मोशोनमॉज्यारोवारमध्ये पावापेक्षा कवळी लवकर मिळते. ऑस्ट्रियाचे लोक सीमा ओलांडून इथे स्वस्तात दात बसवायला येतात. त्यांना व्हिएन्नाहून गाडीत घालून आणायचं काम आमच्या दवाखान्यात वेंडेल काकांकडे. डॉक्टर केलेमेननी त्यांना समोरचे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रूने घट्ट केलेले दात, फुकट बसवून दिले होते. उपकार कसले! ड्रायव्हरने आरशात बघून हसायचं आणि मागच्या गिऱ्हाइकांनी ते पाहून भुलायचं, असा बेत.

मी तिथे दात साफ करणारी. नऊ वर्षं काकांशी भांडत आले.

"काका, ब्रश करता का?"

"पोरी, लोखंडाला कधी कीड लागते का? रोज सकाळी पालिंकाने खळखळून चूळ भरतो. आमच्याच आलुबुखारांची, घरी गाळलेली! जंतूंचा बापही वाचायचा नाही."

"आणि थुंकता कुठे?"

"थुंकू? घरची दारू? पाप लागेल!"

लोखंडाला कीड लागत नाही हे खरं. पण हिरडी मांसाची असते, आणि काकांची तर सुजून लालभडक झाली होती. एका शुक्रवारी गाडी चालवता चालवता सॉसेजचा तुकडा तोडताना डावा दात स्क्रूसकट हातात आला. मागे बसलेल्या तिघी बायका किंचाळल्या आणि त्यांनी गाडी तिथूनच परत फिरवायला लावली.

डॉक्टरांनी स्क्रू तपासणीला पाठवला. आट्यांमध्ये जंतूंचा चिवट थर, सात जातींची वस्ती, आणि त्यांच्यापायी भोवतालचं हाड झिजून गेलेलं. काकांनी अहवाल शांतपणे ऐकला.

"ऑस्ट्रियाचे असतील," ते म्हणाले. "रोज गाडीत बसतात ना!"

डॉक्टर हसले नाहीत. "वेंडेल, दुसरा हलला तर किल्ल्या टेबलावर ठेवायच्या. बोळका ड्रायव्हर मला परवडायचा नाही."

पेन्शनला अजून दोन वर्षं होती. काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी नेहमीची टकळी सुरू केली, "आता तरी हट्ट सोडा, काका."

"हट्ट नाही गं." ते जमिनीकडे बघत होते. "मला घासताच येत नाही. घरात आम्ही सहा भावंडं, ब्रश एकच, आणि तोही बुटांचा. शिकवणार कोण? आणि दातांच्या डॉक्टरकडे माणसं आणून देणारा मी, या वयात विचारू तरी कोणाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं मी नुसती रागावत होते, एकदाही करून दाखवलं नव्हतं. गावात दात बसवणारे ढीगभर. घासायला शिकवण्यात कोणाला काय मिळणार होतं?

मी ब्रश त्यांच्या मुठीत दिला आणि त्यावर माझा हात ठेवला. हिरडीच्या कडेकडेने, हलक्या हाताने, गोल गोल. दोन मिनिटं झाली. काकांनी तोंड पुसलं आणि आरशात पाहिलं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.