पोट हरवलेला भुंगेरा

पौड सोडल्यावर एसटी कोळवणच्या रस्त्याला लागली आणि इतका वेळ दूर दिसणारे डोंगर एकदम अंगावर आले. भूगावपर्यंत नुसत्या इमारती होत्या. इथे भातकापणी चालली होती आणि उघड्या खिडकीतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. माझ्या मांडीवरच्या पिशवीत, कापसात गुंडाळलेला, तळहाताएवढा करडा दगड होता.

त्या दगडात नखाएवढा एक भुंगेरा आहे. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्याच्या गाळात हा बुडाला, मग वर दुसरा लाव्हा आला. आपल्या विदर्भात असा गाळाचा दगड पुष्कळ सापडतो. सह्याद्रीच्या या कुशीत तो असेल असं मला वाटलं नव्हतं. कोळवणच्या सोपानरावांनी विहीर खोदली तेव्हा तो निघाला आणि फुटून त्याचे दोन तुकडे झाले. एकात किड्याची पाठ राहिली, दुसऱ्यात पोट. पाठीचा तुकडा त्यांच्या जावयाने नागपूरला आमच्या कॉलेजात आणून दिला.

पाठीवरच्या टणक पंखांच्या रेघा पाहून मी त्याला जमिनीवर धावणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांच्या कुळात बसवलं, नाव दिलं, निबंध छापला. त्यावर एका अभ्यासकाने एका ओळीत विचारलं, "पोट पाहिलं आहे का?" या शिकारी शाखेत मागच्या पायांची बुडं पोटाचं पहिलं वळं चिरून जातात, इतर भुंगेऱ्यांत नाही. पाठीवरून ते कळत नाही. मला हे ठाऊक होतं. तरी छापलं, कारण निवृत्ती तोंडावर आली होती आणि तीस वर्षांत नवं असं माझ्या हातून काही झालं नव्हतं.

सोपानरावांना फोन केला तेव्हा ते म्हणाले होते, "हाय की दगड. देवळीत (भिंतीतल्या कोनाड्यात) ठेवलाय. कवा बी या." मी दोनदा बेत पुढे ढकलला. एकदा परीक्षा, एकदा माझा गुडघा.

एक थांबा आधीच उतरले, त्यामुळे खाचरांच्या (बांध घातलेल्या भातशेताच्या) कडेने अर्धा तास लंगडत गेले. सोपानराव अंगणातच उभे होते. सत्तरीचे, उंच, डोक्याला पांढरी टोपी.

"या बाई! सकाळधरनं वाट बघतुया."

त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायच्या आधीच दगड मागितला. सोपानरावांनी तो धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवला होता. त्यांनी दोन्ही हातांनी तो माझ्यापुढे धरला.

दगड स्वच्छ होता. गुळगुळीत, उजळ आणि रिकामा.

मी भिंग काढलं. उन्हात धरून, तिरका करून, पुन्हापुन्हा पाहिलं. बारीक समांतर ओरखडे होते, बाकी काही नव्हतं.

"लई काळपट डाग हुता मधी," सोपानराव सांगू लागले. "तुमी येनार म्हनून काल म्या तारंच्या ब्रशनं घासला. फरशीचं ॲसिड बी लावलं. आता कसा चकाचक झालाय!"

तो काळपट डाग म्हणजेच भुंगेरा होता.

"छान झालाय," मी म्हणाले.

पार्वतीबाई माझ्या हातांकडे बघत होत्या. "बाई, खरं सांगा. काय बिघडलं का?"

मग मी खरं सांगितलं. सोपानराव ऐकत राहिले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "म्हंजी म्याच घालवला."

"तुम्ही नाही. मी उशिरा आले."

"चला, हिरीत आजून निघंल," म्हणून ते लगबगीने उठले. पण जमीन त्यांनी यंदा शहरातल्या एका कुटुंबाला विकली होती. विहिरीच्या जागी आता फार्महाऊसची हिरवळ होती आणि तिच्यावर फवारा फिरत होता. विहीर भरावाने बुजवली होती, हे त्यांनाही तिथे गेल्यावरच कळलं. आम्ही दोघं कुंपणाच्या जाळीला धरून उभे राहिलो.

जेवायला तांदळाची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा होता. पार्वतीबाईंनी ओढ्यावर जाऊन स्वतः खेकडे धरले होते. सोपानराव पानावर बसलेच नाहीत.

नागपूरला पोचल्यावर मी माझा निबंध मागे घेतला. आता त्या पाठीच्या तुकड्याच्या चिठ्ठीवर कुळापुढे "स्थान अनिश्चित" असं लिहिलं आहे. कपाटात असे आणखीही तुकडे आहेत, पण त्यांच्या बाबतीत निदान चूक माझी नव्हती.

गेल्या आठवड्यात सोपानरावांचा फोन आला. खुशाली विचारून झाल्यावर ते घुटमळले.

"बाई, त्या किड्याचं नाव लागलं का कुटं?"

सातबाऱ्यावर नाव लागावं तसं ते विचारत होते.

"नाही," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. दोघांनीही फोन ठेवला नाही.