मळक्या कडांची पुस्तकं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली नेटवर्किंगची पुस्तकं जिल्ह्यात सर्वांत मळकी आहेत, आणि ती मी निवडली आहेत. अशा वेळी 'हे मी कौतुकासाठी सांगत नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मी मात्र कौतुकासाठीच सांगते आहे.

कॉलेज विसरवाडीच्या अलीकडे, महामार्गाला लागून. ट्रक चढणीला लागला की शिकवणं थांबवावं लागतं. तिथे कॉम्प्युटर नेटवर्किंग आणि सुरक्षेचा एक वर्षाचा कोर्स सुरू झाला तेव्हा शिकवायला मी एकटीच होते, म्हणून पुस्तकं निवडायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मी काय केलं, तर विद्यापीठात जी वाचून मी पास झाले तीच मागवली. इंग्रजी, जाडजूड, उशाला घेतली तर मान अवघडेल अशी. ती वाचून संपवायला मला स्वतःला भरपूर हट्ट लागला होता. हट्ट पुस्तकाबरोबर पार्सलमधून येत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आमचे ग्रंथपाल सर माझ्याच गावचे, ब्राह्मणपुरीचे. निवृत्तीला आलेले. आपल्या काळात एक पुस्तक हरवलं नाही की फाटलं नाही, याचा त्यांना फार अभिमान. नव्या पुस्तकांना त्यांनी प्लास्टिकची कव्हरं घातली, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि काचेच्या कपाटात कुलूपबंद करून टाकलं. महागडं पुस्तक घरी द्यायचं नाही, तिथेच बसून वाचायचं, असा नियम होता. मुलं बसायची, पानं उलटायची आणि एसटीची वेळ झाली की उठून जायची.

त्या वर्गात एक मुलगी होती. नवापूरच्या डोंगरातली, गुजरातच्या हद्दीजवळच्या पाड्यावरची, ख्रिस्ती घरातली. घरी कोकणी, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींची बोली, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, अशी तिची तिहेरी कसरत. हात मात्र असा, की नेटवर्कच्या केबलमधल्या आठ तारा ती बोलता बोलता रंगांच्या क्रमाने लावायची, टोकाला कनेक्टर दाबायची, आणि केबल पहिल्या तपासणीत चालायची. माझ्या दोन केबल्स वाया जायच्या तेव्हा तिच्या चार तयार असायच्या. पण लेखी परीक्षेत नापास. वर्गात 'कळलं का?' विचारलं की ती मान हलवायची, आणि मी बापडी पुढचा धडा घ्यायचे.

डिसेंबरात ती प्रयोगशाळेत माझ्याजवळ आली आणि शांतपणे म्हणाली की नाताळ झाला की ती भाऊ-वहिनीबरोबर गुजरातेत बारडोलीकडे कामाला जाणार आहे. पुस्तकातलं काही कळत नाही, मग उगाच जागा कशाला अडवायची. मला राग आला. तिचा नाही, कुणाचा तेही धड सांगता येईना. नवापूरच्या एका हॉस्पिटलला त्यांचं नेटवर्क सांभाळायला माणूस हवं होतं. होळीच्या आधी ते आमच्या वर्गातल्या मुलांची लेखी परीक्षा घेणार होते, आणि मग प्रत्यक्ष काम करून दाखवायचं होतं. ती नोकरी त्या हातांची होती, हे मला स्वच्छ दिसत होतं. मधे उभी होती ती फक्त पुस्तकं.

नाताळात मी तिच्या घरी गेले. तिच्या वडिलांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मी बरंच बोलते. शेवटी ते म्हणाले की होळीपर्यंत राहू दे, जमलं तर चांगलंच, नाही जमलं तर होळीला भाऊ घरी येईल, त्याच्याबरोबर जाईल. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दोन हात कमी पडले की घराचं काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

संध्याकाळी शेजारची माणसं गाणी म्हणायला जमली. तिच्या आईने फळीवरून प्रार्थनेच्या गाण्यांचं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. मिटलेल्या पुस्तकाची कड मी नुसती बघत राहिले. पानांची ती कड पहिल्यापासून शेवटपर्यंत काळी पडलेली होती, बोटांच्या मळाने, सारखी. ह्या घरात पुस्तक वाचलं जात नाही असं मी इतके दिवस मनात धरून बसले होते. अहो, माझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतकं वाचलेलं पुस्तक मी पाहिलं नव्हतं.

सुटी संपल्यावर पहिलं काम केलं ते ग्रंथपाल सरांकडून कपाटाची किल्ली मागून घेण्याचं. माझी ती आवडती पुस्तकं एकेक बाहेर काढली आणि कडेने पाहिली. सुरुवातीला नखाएवढी करडी रेघ, पुढे सगळं पांढरंशुभ्र. प्रत्येक पुस्तकात मुलं साधारण एकाच जागी येऊन थांबली होती. नाकापेक्षा मोती जड झाला होता आणि तो मोती मीच आणला होता. सर मात्र खुशीत होते. "देखा मॅडम, कितलं सोच्छ ठेयेल शे," असं ते मला अभिमानाने दाखवत होते.

मग मी सुरतेला गेले. तिथे इंजिनिअरिंगची मुलं शिकून झालं की पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकतात. दुकानदार गुजराती, मोठा उत्साही. तो कोरी करकरीत पुस्तकं पुढे करायचा आणि मी मागच्या ढिगातून मळकी ओढायचे. बेनचं डोकं फिरलंय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मी त्या दिवशी जितकी शहाणी होते तितकी आधी कधीच नव्हते.

नुसता मळ बघून चालत नाही, हे दहा-बारा पुस्तकं हाताळल्यावर ध्यानात आलं. एखाद्यावर चहाचा कप ठेवत असतात, तेही काळं होतं. कड शेवटपर्यंत सारखी करडी हवी. धड्याखालची उदाहरणं कुणीतरी पेन्सिलने सोडवलेली हवीत, आणि त्यात खोडाखोड हवी, कारण खोडलं म्हणजे डोकं लावलं. तिथे एक बारकं, शिवण सुटलेलं पुस्तक मिळालं. एका कॉम्प्युटरचा निरोप दुसऱ्यापर्यंत कसा पोचतो, त्याचे तुकडे का करतात, प्रत्येक मशिनला स्वतःचा पत्ता का लागतो, हे सगळं त्यात छोट्या वाक्यांत होतं आणि प्रत्येक धड्यात 'आता हे करून बघा' होतं. करून बघायला दोन जुने कॉम्प्युटर आणि एक केबल पुरत होती. तेवढं आमच्याकडे होतं.

सुरक्षेच्या पुस्तकांनी मात्र घाम काढला. नेटवर्कचा पाया जुन्या पुस्तकातही शाबूत राहतो, पण सुरक्षेचं दुधासारखं आहे, शिळं झालं की उपयोगाचं नाही. तिथे कडेबरोबर छपाईचं सालही बघावं लागलं. एक पुस्तक तर फक्त मधल्या एका धड्यापाशी काळंकुट्ट होतं. उघडून पाहिलं, तर दुसऱ्याचा पासवर्ड कसा फोडायचा त्याचा धडा. सुरतेची पोरंही आमच्या पोरांसारखीच, म्हणून मला हसू आलं, आणि ते मी परत ठेवलं. त्याऐवजी घेतलं ते असं, की ज्यात कुणाला किती परवानगी द्यायची, माहितीची दुसरी प्रत कुठे ठेवायची, मशिनमधला प्रोग्रॅम वेळच्या वेळी नवा का करायचा, असल्या रोजच्या कामांच्या पानांना मळ लागलेला होता.

पिशवीतून ती पुस्तकं टेबलावर ओतली तेव्हा ग्रंथपाल सर खुर्चीतून उठलेच. "मॅडम, हाई भंगार कसाले लयनात?" मी म्हटलं, भंगार नाही, वाचलेली पुस्तकं आहेत. त्यांनी एक उचललं, उलटंसुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला. कॉलेजच्या खर्चाने जुनी पुस्तकं घेता येत नाहीत हे ते मला समजावणार, एवढ्यात मीच सांगितलं की ही माझ्याकडून ग्रंथालयाला भेट. सरांनी कपाटाची किल्ली हातात घेतली. आता हे कुलूप घालून ठेवणार, म्हणून मी भांडायच्या तयारीत पदर खोचून उभी. पण माणूस ओळखण्यात मी कच्ची. त्यांनी किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "भेट आयेल पुस्तकले कपाटनं कुलूप लागत नही. घर लई जाऊ द्या पोरीले."

तिने ते शिवण सुटलेलं पुस्तक घरी नेलं. आठवड्याने आली ती प्रश्न घेऊन. इतके महिने नुसती मान हलवणारी मुलगी विचारत होती, की निरोपाचा एक तुकडा वाटेत हरवला तर पलीकडच्याला कळतं कसं. मला इतका आनंद झाला की उत्तर देताना मीच अडखळले. घरी ती तो धडा आईला कोकणीत सांगायची, असं नंतर समजलं. आई किती समजून घेत असे कोण जाणे, पण सांगायचं म्हणून हिला तो आधी नीट समजून घ्यावा लागायचा. फेब्रुवारी संपेपर्यंत तिने प्रयोगशाळेतले सगळे जुने कॉम्प्युटर एकमेकांना जोडून दाखवले. मग एकेक केबल मुद्दाम बिघडवून वर्गाला दोष शोधायला लावले. माझ्यापेक्षा बरं शिकवत होती, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

परीक्षेच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते, पेशंटपेक्षा वाईट तोंड करून. लेखी ती पास झाली, पहिली नाही आली, पण पास झाली. प्रत्यक्ष कामात त्यांनी खराच बिघाड दिला. बिलाचा आणि पॅथॉलॉजीचा कॉम्प्युटर मधूनच बंद पडल्यासारखा व्हायचा. तिने दोन्ही मशिन पाहिली आणि सांगितलं की दोघांना एकच पत्ता दिलाय, म्हणून ते एकमेकांच्या पायात पाय घालतायत. एकाचा पत्ता बदलला, काम सुरू. मग मोठ्या डॉक्टरांनी विचारलं की सुरक्षेसाठी आधी काय करशील. ती म्हणाली, "तो कागद काढीन, सर." त्यांच्याच मॉनिटरवर पासवर्ड लिहिलेला कागद चिकटवलेला होता. हे मला डॉक्टरांनीच बाहेर येऊन हसत सांगितलं, आणि तिला कामावर घेतल्याचंही सांगितलं. मी तिथेच, बाकावर, सगळ्यांसमोर रडले. लाज वगैरे वाटली नाही.

होळी झाली. सणाला आलेले तिचे भाऊ-वहिनी परत बारडोलीकडे गेले. ती गेली नाही.

याला आता काही वर्षं झाली. ग्रंथपाल सर निवृत्त झाले. शनिवारी ती आमच्या वर्गाला प्रत्यक्ष काम शिकवायला येते, आणि पुस्तकं निवडायची वेळ आली की मी तिला बोलावून घेते. यंदा एका प्रकाशनाचा प्रतिनिधी सुरक्षेवरचं नवंकोरं पुस्तक घेऊन आला. सुंदर छपाई, रंगीत आकृत्या. खरं सांगते, मी भुललेच होते. नव्या पुस्तकाला मळ नसतो, तिथे माझी विद्या संपते. त्यानेही माझा चेहरा ओळखला आणि किती प्रती लिहू म्हणून पेन काढलं.

ती तोवर ते चाळत होती. मागून पुढे, पुढून मागे. मग तिने पुस्तक मिटून त्याच्यापुढे सरकवलं.

"हे नको," ती म्हणाली. "यात चोर कसा शिरतो त्याची शंभर पानं आहेत आणि दार कसं लावायचं त्याची चार. मला रोज दार लावावं लागतं. ह्या मुलांनाही तेच करायचंय."

आवाज चढवला नव्हता, मानही हलवली नव्हती. पोरसवदा दिसते ती, म्हणून त्या माणसाला वाटलं असावं की ही कुणीतरी विद्यार्थिनी मधेच बोलते आहे. तो समजुतीचं हसला, पुस्तक पुन्हा माझ्या बाजूला वळवलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे, पण मॅडम, शेवटी तुमचा निर्णय काय?"

मी माझी खुर्ची जरा मागे घेतली.

"मॅडम त्या आहेत," मी म्हटलं. "त्यांना विचारा."