अर्ध्या कोयत्याचं गाठोडं

दसरा झाला आणि पाथर्डीच्या पलीकडच्या आमच्या गावात ऊसतोडीचे ट्रॅक्टर लागले. ट्रॉलीत गोधड्या, भांडी, कोंबड्यांची पाटी, दोन शेळ्या आणि सगळ्यांवर पोरं. आई खाली उभी राहून एकेकाचं सामान वर देत होती. आम्ही दोघी सुप्याहून, माझ्या नोकरीच्या गावाहून, नुसता निरोप द्यायला आलो होतो, निदान मला तरी तिनं तसंच सांगितलं होतं. सगळ्यांचं देऊन झालं आणि आमच्या मातोश्रींनी स्वतःचं गाठोडं वर फेकलं! आत कोयतासुद्धा, चिंधीत गुंडाळलेला.

मुकादम आमच्याच भावकीतला. त्यानं गाठोडं हळूच खाली आणून ठेवलं. "काकू, अर्धा कोयता कुनीबी घेईना आता. त्यात तुमचं वय."

तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. माणूस एकटं राहिलं की ते अर्धं. आबा गेले त्या दिवसापासून आई अर्धी आहे.

ती सगळ्यांदेखत माझ्याकडं वळली. "सुमे, तू चल की. आपल्या दोघींचा एक व्हईल."

लोक हसले. मीही हसले. ती हसली नाही. ट्रॅक्टर वळणावरून दिसेनासा झाला तरी मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

लहानपणी ह्याच ठिकाणी मी उभी असायची. शाळेसाठी मला मावशीकडं ठेवून दोघं निघायची आणि मी रडून गाव डोक्यावर घ्यायची. आबा ट्रॉलीतून ओरडायचे, "शीक, न्हाईतर ह्याच गाडीत बसशील!" शिकले मी. आता कंपनीच्या गाडीत बसते. कॉन्ट्रॅक्टवर पॅकिंगला आहे, सुपर्वायझरला विचारल्याशिवाय पाणी प्यायलाही उठता येत नाही.

गावातल्यांनो, तुम्ही म्हणता सुमीनं आईला आरामात ठेवलंय. ठेवलंय खरं! अंधारात उठून बसते आणि माझ्या एका खोलीत काम शोधते. कोथिंबिरीची जुडीसुद्धा उसाच्या मोळीसारखी आवळते. काही म्हणायला जावं तर, "हात रिकामं लई वंगाळ लागत्यात गं." गावी एकटी ठेवावी तर ट्रॅक्टर गेल्यावर आमच्या आळीत नुसती कुलपं. मागं एकदा तिथं तापानं फणफणली होती, कुणाला पत्ताच नव्हता. माझ्याकडं करमत नाही, गावात माणूस नाही, उसाच्या फडावर कुणी घेत नाही. मी तरी तिला नेऊन ठेवू कुठं?

आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुमच्याकडं तरी ह्याचं उत्तर आहे का? असलं तर सांगा बाई. मी हात टेकलेत.

"चल, तुझ्या घरी," असं म्हणून ती त्या दिवशी एसटीत बसली. 'तुझ्या' हा शब्द मला केडगाव ओलांडेपर्यंत टोचत राहिला.

सुप्यात पोचलो तर शेजारच्या खोलीत नवं बिऱ्हाड. बिहारचं जोडपं. नवरा कंपनीत लागायला आलेला, बायको पिशव्यांच्या गराड्यात पायरीवर बसलेली. आईनं गाठोडं दाराशी ठेवलं, हातपाय धुतले आणि सरळ परात ओढली. फडावर नवी कोपी, पाचटाची झोपडी, उभी राहिली की पहिल्या सांजेला तिथली चूल पेटवू द्यायची नाही, भाकरी शेजारच्या कोपीतून जायची. आईनं आयुष्यभर ते पाळलं. मी म्हटलं, "अगं, दमलीस, राहू दे." तर माझ्यावरच डाफरली, "लांबून आल्याती ती!"

भाकरी आणि पिठलं बघून त्या पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. खाता खाता तिनं विचारलं, "अम्मा, आपका घर कहाँ है?"

मला वाटलं आई गावाचं नाव घेईल. फार तर माझ्या दाराकडं बोट दाखवील. तिनं दाराशी ठेवलेल्या गाठोड्याकडं बघितलं.

"माजं व्हय? मी अजून उतरलेच न्हाई, पोरी."

ती पोरगी समजल्यासारखी हसली. तिला काय कळलं देव जाणे. मला मात्र कळलं. ज्या घरासाठी मी शिकले, ते माझ्या आईला वाटेतला मुक्काम वाटतंय.

गाठोडं अजून तिथंच आहे. सोडून कपडे फळीवर लावावे असं रोज मनात येतं, पण हात धजत नाही. शिफ्टला जाताना मी ते ओलांडून जाते.