माहेरच्या दारात बंद केलेली गाडी

खंडूआप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या पाठीमागं होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. राहू गावाच्या वेशीबाहेरच्या रस्त्यानं मी मोबाइल कानाला लावून चाललो होतो. पलीकडून शिरूरहून प्राजक्ता बोलत होती. ती तिथं नर्सिंगला होती, अजून आहे. कोर्स पुरा होईपर्यंत लग्नाचा विषय काढू नकोस आणि होस्टेलच्या गेटवर ती फटफटणारी गाडी घेऊन येऊ नकोस, एवढंच ती सांगत होती. मला त्यातलं फक्त 'नको' ऐकू आलं. डोळे पुसत, आवाज चढवत, मी रस्त्याच्या मधोमध चाललो होतो. तिनं फोन ठेवला. मागं वळून पाहिलं तर हाताच्या अंतरावर एक पांढरी गाडी आणि स्टेअरिंगवर टोपी घातलेले आप्पा. गाडी माझ्याच चालीनं, काही आवाज न करता येत होती. कुठपासून, देव जाणे.

मी तडकलो. हॉर्न द्यायला काय झालं होतं, असं विचारलं. माझे खरे शब्द या ग्रंथात छापण्यासारखे नाहीत. आप्पांनी काच खाली केली आणि म्हणाले, "बोलत व्हतास न्हवं. संपू दे म्हणलं."

मग त्यांनी पलीकडचं दार उघडलं. मी बसलो. घर येईपर्यंत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

आप्पांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी लिहावं असं समितीनं कळवलं, तेव्हा मला वाटलं चेष्टा चाललीय. इथं सरपंच लिहिणार, हायस्कूलचे सर लिहिणार. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा मधेच सोडलेला. पण सरच म्हणाले, "आप्पांशी सगळ्यात जास्त तू भांडलास, तूच लिही. फक्त गाडीची जाहिरात करू नकोस." सरांची क्षमा मागतो. आप्पांवर लिहायचं आणि त्यांच्या इलेक्ट्रिक गाडीवर लिहायचं नाही, म्हणजे जेजुरीला जायचं आणि भंडारा उधळायचा नाही.

आप्पांचे वडील मेंढरांमागं फिरले. आप्पांनी मेंढरं सोडली आणि जीप घेतली. दौंड ते शिरूर या पट्ट्यात माणसं भरून नेणारी त्यांची वडापची जीप ज्यांना आठवत नाही, असा या भागात चाळिशीपुढचा माणूस सापडणार नाही. त्या जीपमधून बाजाराला जाणाऱ्या बाया गेल्या, परीक्षेची पोरं गेली, नव्या नवऱ्या गेल्या, आजारी माणसं गेली. एस.टी. चुकलेल्या माणसाला आप्पांनी रस्त्यात उभं ठेवलं, असं कधी झालं नाही. गाडीत जागा नसली तर टपावर, टपावर नसली तर आप्पांच्या मांडीला मांडी लावून.

जीपचा एक दोष मात्र सगळ्यांना माहीत होता. तिचा स्टार्टर रुसका. एकदा बंद केली की चार माणसांनी ढकलल्याशिवाय ती चालू व्हायची नाही. म्हणून आप्पा ती बंदच करायचे नाहीत. सकाळी अंगणात चालू करायचे, आणि माणसं जमेपर्यंत ती तिथंच धडधडत राहायची, बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. सासुरवाडीला इनामगावला बायकोला, म्हणजे आमच्या माईंना, घेऊन गेले तरी तसंच. घोड नदीकाठच्या त्या घराच्या दारात जीप धडधडत उभी, आप्पा स्टेअरिंगवर, आणि माई आत. भावाच्या पाया पडायचं, वहिनीनं उभ्या उभ्या ओटी भरायची, की बाहेरून हॉर्न. माईंचं माहेरपण म्हणजे जीप जेवढा वेळ दारात उभी राहील तेवढं.

पुढं माईंना दम लागायला लागला. दौंडच्या डॉक्टरांनी विचारलं, घरी चूल आहे का? गॅस येऊन कैक वर्षं झाली होती. औषधं बदलली, दम तसाच. एके सकाळी अंगणात जीप चालू ठेवून आप्पा काडेपेटी घ्यायला स्वयंपाकघरात गेले. फडताळाच्या खालच्या फळीपर्यंत निळसर धूर उतरला होता, आणि त्यात माई भाकरी थापत बसल्या होत्या. तोंडाला पदर, रोजच्यासारखा. आप्पा मला एकदाच हे बोलले, आणि बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी बाहेर जाऊन इंजिन बंद केलं. त्या दिवशीची माणसं एस.टी.नं गेली.

जीपला गिऱ्हाईक होतं. वरवंडचा एकजण दारात येऊन बसला होता. आप्पांनी ती त्याला दिली नाही, भंगारात घातली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला. आप्पांचं उत्तर एवढंच, "आता दुसऱ्याच्या बायकूच्या खिडकीखाली न्हेऊन लावू व्हय?"

मग ही पांढरी गाडी आली, तीही कुणीतरी वापरलेली. गावानं आप्पांची काय थट्टा केली असेल, विचारू नका. खेळणं आणलं म्हणाले. चावी भरता का सेल घालता म्हणाले. घोड नदीच्या पुलावर बंद पडली तर बैल कुणाचे आणायचे, तेही ठरवून झालं. आप्पा वाद घालत नाहीत, दार उघडतात. "बस की," म्हणायचे, "मग बोल." बसलेला माणूस पहिल्या वळणापर्यंत ओरडून बोलायचा, सवयीनं. मग त्याचा त्यालाच आवाज मोठा वाटायचा आणि तो हळू बोलायला लागायचा. आप्पांचा स्वतःचा आवाजही असाच खाली आला. जीपवाल्याचा घसा तो, शेजारच्या शिवारात ऐकू जायचा. आता नातवंडं म्हणतात, आजोबा काय म्हणतात ते ऐकायला जवळ जावं लागतं.

वाद घालणारे सर होते. पारावर ते म्हणाले, आप्पा, तुमची वीजही कोळशावरच होते, धूर इथं नाही तर तिथं. मी भांडायला उठलो होतो. आप्पांनी मला खाली बसवलं आणि म्हणाले, "सर, तुमचं खरं हाय. मग काय करावं?"  मग दोघं मिळून बसले, चौकशा केल्या, आणि आज आप्पांच्या गोठ्याच्या पत्र्यावर सौर पॅनेल आहेत. गाडी दुपारी उन्हात भरते. ज्यानं चूक दाखवली त्यालाच पुढची वाट विचारायची, ही आप्पांची रीत. मला ती अजून जमत नाही.

आणि आप्पा खोटं बोलत नाहीत. वरवंडच्या हायवेवरचा एक भाजीवाला रोज सोलापूरपर्यंत माल न्यायला अशी गाडी घेऊ का म्हणून विचारत आला. आप्पांनी त्याला स्पष्ट सांगितलं, एवढ्या लांब, एवढ्या ओझ्याला, ह्या गाडीच्या जिवावर जाऊ नको, थोडा थांब. पण ज्याची फेरी तालुक्यापुरती आहे, रात्री गाडी ज्याच्या दारातच उभी असते, ज्याच्या घरात म्हातारं माणूस नाहीतर तान्हं लेकरू आहे, त्यानं अजून डिझेल का जाळावं, याचं उत्तर आप्पांना कुणी दिलेलं नाही. मलाही सापडलं नाही.

माझा या कामाशी संबंध असा, की मी कॉलेज सोडलं ते अर्थिंगचा धडा झाल्यावर. आप्पांच्या अंगणातला चार्जिंगचा पॉइंट मी बसवला. पहिल्या खंडेनवमीला आम्ही गाडीला हार घातला तर माई म्हणाल्या, आन् हिला? आणि चार्जिंगची केबल पाटावर ठेवून त्यांनी तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. तेव्हापासून मी त्या घरचाच झालो. आप्पा थकले की गाडी मी चालवतो.

आता मुख्य प्रसंग. माईंचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, इनामगावला अंथरुणाला खिळले. नजर गेलेली. बहिणीला एकदा आणा, असे निरोपावर निरोप. दम सुरू झाल्यापासून माई जीपमध्ये बसल्याच नव्हत्या, आणि नव्या गाडीतून तिकडं जाणं राहूनच गेलं होतं, म्हणजे माहेर तुटल्यातच जमा होतं. सोमवारी येतो, असा आप्पांनी शब्द दिला होता. त्या सोमवारी पहाटे ऊसतोड टोळीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. आप्पांनी आणि मी तिला दौंडच्या दवाखान्यात पोचवलं. परत आलो तर गावात वीज नाही, आभाळ भरलेलं, गाडीत चार्ज कमी. मी म्हणालो, उद्या जाऊ. आप्पा म्हणाले, शब्द दिला हाय.

खरं सांगायचं तर मलाही निघायचंच होतं. इनामगावहून शिरूर काही लांब नाही. माईंना सोडून संध्याकाळी प्राजक्ताच्या होस्टेलवर जायचं आणि हो का नाही ते एकदाच विचारून टाकायचं, असं मी मनाशी धरलं होतं. आप्पांना बोललो नव्हतो, पण त्यांना कळलं असणार. इस्त्रीचा शर्ट कोण घालतं आजारी मामांना भेटायला?

पारगाव सोडून भीमेचा पूल ओलांडला आणि न्हावऱ्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांत अडकलो. पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रक, सगळ्यांची इंजिनं चालू, धुराचा पडदा. मी ट्रॅक्टरवाल्याशी भांडायला उतरलो, आप्पांनी बोलावून पुन्हा बसवलं. काचा बंद होत्या. आत काहीच आवाज नव्हता, आणि माई खोकत नव्हत्या. त्या बोलायला लागल्या. त्या लहान असताना गावाजवळच्या टेकाडावर खणणारी माणसं आली होती, आणि मातीखालून हजारो वर्षांपूर्वीची चूल निघाली होती. माईंनी ती पाहिली होती. आपल्याच चुलीसारखी, म्हणाल्या.

आप्पा वळून बघत राहिले. "हे तू मला कवा सांगितलं न्हाईस."

"सांगितलं की. दोनदा सांगितलं," माई म्हणाल्या. "जीपमधी तुमाला ऐकू कुठं येत व्हतं?"

इनामगावला पोचलो तेव्हा गाडीनं लाल दिवा दाखवला होता. मामा अंथरुणावरून दाराकडं कान लावून होते. माईंचा हात हातात आला तेव्हा म्हणाले, "दाजी, आवाज न्हाई आला. मला वाटलं, आज बी न्हाई."

पाण्याच्या मोटारीच्या प्लगला केबल लावली तर गाडी वीज घेईना. अर्थिंग नीट नसलं की ती घेतच नाही. मी परसात सळई ठोकली, पाणी ओतलं, तार जोडली, तेव्हा कुठं हिरवा दिवा लागला. पडद्यावर दिसलं, सकाळपर्यंत भरेल. सकाळपर्यंत! माझ्या शिरूरवर पाणी पडलं.

चहा झाला. जन्माच्या सवयीनं आप्पा उठले, "चला" म्हणाले, आणि दारापर्यंत जाऊन थांबले. बाहेर गाडी उभी होती, गप्प, केबल लावलेली. आप्पा उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "सारी उमर गेली, तुज्या म्हायेरच्या दारात मी कवा गाडी बंद केली न्हाई."

माई भावाच्या पायाशी बसून त्याच्या तळव्यांना तेल लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आज केली न्हवं. बसा मग निवांत."

मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. आप्पा येऊन गाडीला टेकून उभे राहिले. शर्टाकडं बघितलं, शिरूरचं नावही काढलं नाही. केबलवर हात ठेवला आणि म्हणाले, "लेका, थांबनं म्हंजी बंद पडनं न्हवं. बाहेरनं कळत न्हाई, पर आत भरत असतंय."

आत बहीण-भाऊ बोलत होते. मी शिरूरला जाणारी एस.टी. सोडून दिली आणि प्राजक्ताला निरोप पाठवला, कोर्स पुरा कर, मी आहे. सकाळी उत्तर आलं: 'आवाज न चढवता केलेलं तुझं हे पहिलं बोलणं.' तिनं हा लेख वाचला आहे. नाव बदलू का विचारलं, तर राहू दे म्हणाली.

त्यानंतर आप्पा-माई दर महिन्याला इनामगावला जातात. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली आहे आणि आज ती सगळ्यांदेखत सांगतो. गोठ्यावर पॅनेल आहेत, ऊन कडक असतं, वीज असते, तरी इनामगावला निघायच्या दिवशी आप्पा गाडी पुरी भरत नाहीत. मी केबल लावायला गेलो की म्हणतात, असू दे, तिथं लावू. माईंनाही हे माहीत आहे. त्या मुक्कामाची पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवतात. 

आप्पा, तुमच्या पंच्याहत्तरीला मी काय आशीर्वाद देणार, मी तर तुमच्याच आशीर्वादावर आहे. पण एक काम तुमच्यावर टाकतो. प्राजक्ताचा कोर्स संपत आला. तिच्या घरच्यांशी बोलायला तुम्हीच जायचं, आणि मग नवरदेवाची गाडी तुम्हीच चालवायची. हात खणखणीत राहू द्या, डोळे शाबूत राहू द्या, माईंचा श्वास मोकळा राहू दे, म्हणजे आमच्या पोरांच्या बारशालाही तुम्हालाच बोलावता येईल. वरातीत वाजंत्री वाजू द्या, पोरं नाचू द्या. फक्त तिच्या दारात पोचलो की गाडी बंद करा, आप्पा. घाई नाही.